महाकालाच्या घराचा पाया

उज्जयिनीस रामघाटावर उभे राहिले म्हणजे नजरेस पडतात त्या क्षिप्रेत उतरत गेलेल्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या अंगाखांद्यावर बसलेली लहानलहान देवळे. पर्जन्यकाळी नदीला पूर आला म्हणजे ही देवळे पाण्यात बुडून जातात. पाणी ओसरले की पुजारी गाळ उपसतात आणि पूजा पूर्ववत सुरू होते. प्रभू रामचंद्रांनी येथे दशरथाचे तर्पण केले म्हणून हा रामघाट, अशी तेथील श्रद्धा आहे. गुरू सिंह राशीस आला म्हणजे सिंहस्थाचे मुख्य पर्वस्नान याच घाटावर होते. यात्रेकरूचे लक्ष तीर्थाकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने एकदा तरी घर बांधावयास काढले आहे असा मनुष्य येथे आला, तर त्याची नजर पाण्याखाली गेलेल्या शेवटच्या पायरीकडे वळल्यावाचून राहणार नाही. नदीकाठचे बांधकाम खचावयास लागते ते वरून नव्हे, तेथून. आणि ती पायरी कशावर टेकली आहे हे बांधणारा आणि नदी या दोघांनाच ठाऊक असते.

घराच्या पायाचा विषय दिसतो तितका नीरस नाही. आम्हां वकिलांकडे घरबांधणीचे जे तंटे येतात त्यांपैकी पुष्कळांचे मूळ जमिनीखालीच सापडते. भिंतीचे माप घेता येते, छपराचा हिशेब मांडता येतो. पायाचा खर्च मात्र चर खणून होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. करारात चार फूट लिहिलेले असते, आणि खणता खणता आठ फुटांवरही मऊ मातीच लागते. मग मालक म्हणतो, ठरल्याप्रमाणे काम करा. गवंडी म्हणतो, ठरल्याप्रमाणे केले तर घर उभे राहणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते. भरून झालेला पाया पुन्हा कोणी उघडून पाहत नाही, म्हणून साक्षीपुरावाही जवळजवळ नसतोच. भिंतीला तिरपी भेग पडली म्हणजे तोच पहिला साक्षीदार.

आम्हां कोकण-गोमंतकातील लोकांना या बाबतीत भूमीने थोडे लाडावून ठेवले आहे. आमच्याकडे हात-दोन हात माती काढली की बहुतेक ठिकाणी जांभा लागतो; त्याच खाणीतला चिरा काढावा, त्याच जमिनीवर रचावा, आणि घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहावे. कोंकणीत आपण पायाला बुन्याद म्हणतो, आणि ‘त्याच्या बोलण्याला बुन्याद नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे हाच कातळ असतो. माळव्याची गोष्ट अगदी वेगळी. तेथील काळी माती पिकाला जितकी उदार तितकीच घराला कृपण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात आत जाईल एवढाल्या भेगा पडतात. ही हालचाल तीन-साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. या पट्ट्यात ज्याचा पाया राहिला त्याचे घर दरवर्षी नकळत वर उचलले जाते आणि खाली बसते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. जुने गवंडी म्हणूनच काळी फोडून मुरूम किंवा खडक गाठल्याखेरीज चर भरीत नसत. खडक हाती लागेना तर चर रुंद घेऊन त्यात मुरूम-वाळू ओतावयाची, धुमसाने ठोकावयाची, वर चुन्याचा थर द्यावयाचा, आणि भार सगळीकडे सारखा पडेल असे पाहावयाचे.

या भूमीची परीक्षा कशी करावी हे ज्यांनी लिहून ठेवले तो पंडितही याच अवंतीचा. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात घराच्या जागेच्या दोन परीक्षा सांगितल्या आहेत. पहिली अशी की एक हात लांब-रुंद-खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती त्यातच पुन्हा भरावी. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. दुसरी अशी की तो खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे. पाणी उणे झाले नसेल तर भूमी चांगली. आजचा अभियंता प्रयोगशाळेत याहून फार निराळे काही करीत नाही. मातीची घनता किती आणि ती पाणी किती मुरू देते, हेच तो विचारतो. वास्तुशास्त्रकारांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे तिचे नाव शल्योद्धार. घराच्या जागेखाली हाड, कोळसा, लाकूड, राख असे काही गाडलेले असेल तर ते शल्य, म्हणजे शरीरात रुतलेल्या बाणासारखे. ते उकरून काढल्याशिवाय पाया भरू नये. यातली श्रद्धा बाजूला ठेवली तरी व्यवहार शिल्लक राहतोच. जेथे राख आणि हाडे आहेत ती जमीन पूर्वी कोणीतरी खणलेली, भर घातलेली, म्हणजेच कच्ची.

आता उज्जयिनीत शल्यरहित जमीन आणावी कोठून? ती नगरीच मुळी आपल्या अवशेषांवर वसली आहे. सध्याच्या शहराच्या उत्तरेस गढकालिकेच्या बाजूला प्राचीन उज्जयिनीचे पांढरीचे टेकाड आहे. १९५५ नंतरच्या दोन-तीन हंगामांत भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे न. र. बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा बुद्धपूर्व काळातील मातीचा प्रचंड तट उघडा पडला. तळाशी तो सुमारे ७५ मीटर रुंद होता. खंदक खणताना निघालेली पिवळी आणि काळी माती टाकीत टाकीत तो उभारलेला होता. दगडी पायाचे नाव नाही. नदीच्या बाजूला पाण्याने तट पोखरू लागल्यावर तेथील लोकांनी लाकडाचे ओंडके बसवून तो सावरून धरला होता. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड मला कोणत्याही सोन्याच्या नाण्याहून अधिक बोलके वाटते. क्षिप्रेच्या काठी पाया पोखरला जातो आणि काहीतरी करावे लागते, ही चिंता रामघाटाच्या पायऱ्यांइतकीच नव्हे, तर त्यांहून कितीतरी जुनी आहे.

असो. आपल्या वाचकांस ज्या घराविषयी सांगावयाचे आहे ते रामघाटापासून थोड्याच अंतरावर आहे, आणि त्या घराचा धनी साक्षात महाकाल आहे.

महाकालाचे प्राचीन मंदिर परमार राजांच्या काळी मोठ्या वैभवात होते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील राजा उदयादित्याच्या काळचा नागबंध लेख त्या आवारात आजही आहे. स्थापत्यावरील समरांगणसूत्रधार हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो भोजराजा याच वंशातला. तेव्हा या मंडळींना पाया कसा घालावा हे शिकवावयास बाहेरचा कोणी यावा लागला नसेल. पुढे १२३४-३५ मध्ये दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश याने माळव्यावर स्वारी केली आणि महाकालाचे मंदिर पाडले. ही हकीकत त्या दरबारचा इतिहासकार मिन्हाज यानेच अभिमानाने नोंदली आहे. ज्योतिर्लिंग शेजारच्या कोटितीर्थ कुंडात सुरक्षित राहिले अशी परंपरा सांगते. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षे या जागी पूर्वीच्या तोलामोलाचे मंदिर उभे राहिले नाही.

या पाचशे वर्षांनंतर ज्याने तेथे चर खणला तो आपल्यापैकी होता. रामचंद्र मल्हार सुखठणकर, इतिहासात ज्यांना रामचंद्रबाबा शेणवी म्हणतात, हे दक्षिण कोकणातले गौड सारस्वत गृहस्थ राणोजी शिंद्यांचे दिवाण होते. पुढे सदाशिवरावभाऊंना कारभाराचे धडे देणारे जे मुत्सद्दी ते हेच. राणोजींनी उज्जयिनीस ठाणे केल्यावर रामचंद्रबाबांच्या हातून महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार झाला. प्रचलित मताप्रमाणे हे साल १७३४ च्या सुमाराचे. पुण्यास बाजीरावसाहेबांचा शनिवारवाडा १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये पुरा झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिढीचा बांधकामाचा उत्साह ध्यानात येतो.

परंतु घर बांधण्यापूर्वी वकील प्रथम काय विचारील? जमीन कोणाची? येथे रामचंद्रबाबांची बाजू कागदावर फार कच्ची होती. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीआप्पांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याला ठार केले, आणि पुढील तीन-चार वर्षांत शिंदे, होळकर, पवार यांच्यात प्रांताची वाटणी झाली. म्हणजे ताबा आला. सनद आली नाही. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ कोंडीत सापडलेल्या निजामाने दुराहसराईच्या तहात माळवा देवविण्याचे वचन दिले, आणि बादशहाची रीतसर मान्यता मिळावयास १७४१ साल उजाडले. १७३४ हे साल धरले तर दिवाणांनी कामाला हात घातला तेव्हा कायद्याने ती भूमी बादशहाचीच होती. बादशाही फौज उलटून आली असती तर सगळा खर्च मातीत गेला असता. आमच्या व्यवसायातील शहाणा मनुष्य अशा अशिलास सांगेल की आधी सनद हातात पडू द्या, मग चर खणा. रामचंद्रबाबा मुत्सद्दी होते. त्यांना हे समजत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. माझे स्वतःचे मत असे की त्यांनी हिशेब उलटा मांडला. देवाचे घर उभे राहिले म्हणजे ताबा केवळ लष्करी राहत नाही. जनतेच्या मनात तो रुजतो. सिंहस्थाचा मेळाही शिंद्यांच्याच आश्रयाने उज्जयिनीत पुन्हा भरू लागला असे सांगतात. छावणी उठते, देऊळ उठत नाही.

उज्जयिनीत या जीर्णोद्धाराची एक कथा ऐकावयास मिळते. रामचंद्रबाबा अमाप धनाढ्य, परंतु निपुत्रिक होते. पत्नीचा आग्रह दत्तक घेण्याविषयी होता; त्यांनी मात्र तेच द्रव्य महाकालाच्या चरणी वाहिले. कथा मोठी गोड आहे, आणि तिच्यात त्यागाचे जे चित्र आहे ते देवळात ऐकताना मन भरून येते. परंतु उलटतपासणीत ती टिकत नाही. इतिहासात सदाशिव रामचंद्र या नावाचे रामचंद्रबाबांचे पुत्र स्पष्टपणे वावरताना दिसतात. १७५८ मध्ये मोमीनखानाकडून अहमदाबाद परत घेतले गेले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. ते औरस की दत्तक हा वाद घातला तरी वारस होता एवढे खरे. मला तर वाटते, वारस असतानाही ज्याने देवाच्या घरावर द्रव्य लावले त्याचे पुण्य कथेतल्या निपुत्रिकापेक्षा काकणभर जास्तच भरावे.

आणि त्यांच्या हातून झालेले हे एकच देवकार्य नव्हे. आपल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको की श्रीमंगेश मूळचे कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. १५६० मध्ये पोर्तुगीज धर्मसत्तेच्या भयाने महाजनांनी लिंग तेथून हलवून नदीपलीकडे अंत्रुज महालातील प्रियोळास नेले. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी हे गाव देवस्थानास इनाम दिले, ते रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्याच शब्दावरून. ते स्वतः श्रीमंगेशाचे निष्ठावंत भक्त होते. याच काळात शाहू महाराजांचे मंत्री नारोराम रेगे यांनी कवळ्यास शांतादुर्गेची सेवा केली, ती हकीकत वेगळ्या लेखाची आहे.

आता एकाच गृहस्थाच्या या दोन सेवा शेजारी शेजारी ठेवून पाहा. श्रीमंगेशाच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी पाया सोडला आणि देव वाचविला. कुशस्थळीचे जोते, घडीव चिरे, तळी, सगळे मागे राहिले. प्रियोळाच्या डोंगरपायथ्याशी नवी जागा, नवा चर, नवी बुन्याद. तेथे जागा निवडण्याचे स्वातंत्र्य होते. वराहमिहिराची परीक्षा कोणी करू म्हटली असती तर करता आली असती. उज्जयिनीत हे स्वातंत्र्य नव्हते. महाकाल ज्योतिर्लिंग, जेथे प्रकट झाले तेथेच त्यांचे स्थान. जागा वाईट निघाली म्हणून दहा पावले सरकून घर बांधण्याची मुभा तेथे कोणालाही नाही. मातीची परीक्षा करून उपयोग काय, जर निकाल काहीही लागला तरी बांधावयाचे तेथेच आहे? आणि जागा कसली, तर पाचशे वर्षे पडून राहिलेल्या भग्न मंदिराचे ढिगारे, त्यांवर साचलेली माती, शेजारी पाण्याने भरलेले कुंड, आणि सभोवार माळव्याची काळी. कोणत्याही गवंड्याने हात जोडावेत अशी जागा.

या अडचणीतून दिवाणांच्या पाथरवटांनी काय वाट काढली ते आजच्या मंदिराकडे पाहिले म्हणजे थोडेबहुत कळते. हे मंदिर तीन मजल्यांचे आहे. वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वर, ज्यांचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीस, उघडते; मधल्यावर ओंकारेश्वर; आणि महाकाल स्वतः सर्वांत खाली, जमिनीच्या पातळीखालच्या गर्भगृहात. दर्शनाला आपण पायऱ्या चढून जाण्याची सवय असलेली माणसे. येथे मात्र उतरावे लागते. यात्रेकरू याचा अर्थ लावतात की मृत्युंजयाकडे जाताना मनुष्याने खालीच उतरावे. अर्थ सुंदर आहे. माझा तर्क याहून साधा आहे. लिंग आपल्या मूळ पातळीवरच राहिले. वर आली ती जमीन. पाडलेल्या मंदिराचा चुरा, पुराचा गाळ, वस्तीचा कचरा यांनी भोवतालची भुई शतकानुशतके उंच होत गेली, आणि रामचंद्रबाबांनी देवाला उचलून नव्या भुईवर आणण्याऐवजी देवाच्या पातळीपर्यंत खाली जाऊन तेथून भिंती वर घेतल्या. असे करताना त्यांना एक अनपेक्षित लाभ झाला असावा. तळमजल्याच्या जाड दगडी भिंती काळ्या मातीच्या चंचल थराखाली आपोआप उतरल्या. कोटितीर्थाचे पाणी शेजारी सदैव असल्यामुळे तेथील माती बारमाही ओलसर राहते, आणि काळी सतत ओली असली म्हणजे तिचे फुगणे-आकसणे पुष्कळ मंदावते. मध्यभागीच्या गर्भगृहावर एकावर एक मजले आणि त्यांवर शिखर असा भार सरळ रेषेत खाली उतरत असल्याने तो एका बाजूला झुकण्याचे कारणही उरले नाही. जवळच्या हरसिद्धी मंदिरापुढे मराठेशाहीतले दोन उंच दीपस्तंभ आहेत. ते पाहून गोमंतकीय मनुष्याला मंगेशीच्या दीपस्तंभाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तेही सरळ उभे आहेत.

जमीन वर चढली, हा माझा तर्क केवळ तर्क राहिला असता, परंतु २०२० मध्ये तिने स्वतःच साक्ष दिली. मंदिर परिसराच्या विस्तारासाठी त्या वर्षीच्या डिसेंबरात पायाचे खोदकाम चालू असताना सुमारे २० फूट खाली घडीव, नक्षीदार दगडांचे बांधकाम लागले. काम थांबविण्यात आले. पुरातत्त्वज्ञ आले, पुढे त्यांच्या देखरेखीखाली खोदकाम चालले, आणि २०२१ च्या मे-जून महिन्यांत मूर्ती, स्तंभांचे भाग, जोत्याचे थर असे अवशेष निघाले. अकराव्या-बाराव्या शतकांतले, म्हणजे परमारकालीन मंदिर, असा जाणकारांनी निर्वाळा दिला. वीस फूट! घराच्या करारातील चार फुटांची गोष्ट करणाऱ्या आम्हां लोकांनी ही खोली मनात नीट धरावी. परमार राजाचा पुजारी ज्या फरशीवर अनवाणी चालत होता ती आजच्या यात्रेकरूच्या पायांखाली तीन पुरुष उंचीवर होती.

या ठिकाणी घरबांधणीतला एक जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. पाया खणताना खाली दुसऱ्या घराचा पाया लागला तर काय करावे? व्यवहारी कंत्राटदाराचे उत्तर आपणांस ठाऊक आहे. फोडावा, उपसावा, किंवा फार तर तोच कामास लावावा. मुदतीच्या आत काम संपले पाहिजे. शास्त्राच्या शब्दाला चिकटून राहणारा म्हणेल, हे शल्य आहे, उद्धार करा. कायदा तिसरेच काही सांगतो. १८७८ चा निखात निधीचा अधिनियम आजही अमलात आहे, आणि त्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू ज्याला सापडेल त्याने ती कोठे, केव्हा, काय सापडली हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे असते. दहा रुपयांचा आकडा वाचून हसू येते खरे. पण त्या आकड्यामुळेच हा कायदा अशा प्रसंगी कोणाला टाळता येत नाही. परमारांच्या नक्षीचा एक टवका दहा रुपयांहून हलका ठरविणारा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे. आणि या खटल्यात एक मौज अशी की, सापडलेल्या दगडांचा मालक कोण हे विचारावयाचे तर उत्तर शेजारच्या गर्भगृहातच आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. तिचे जुने घर तिच्याच नव्या अंगणात सापडले.

म्हणून उज्जयिनीस काम थांबविले गेले, हे मला त्या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे कृत्य वाटते. ज्यांच्या मागे मुदतीचा तगादा आहे, ज्यांचे यंत्र भाड्याने उभे आहे, त्यांनी खोदकाम थांबविणे ही सोपी गोष्ट नव्हे. या विस्तारातूनच पुढे महाकाल लोक साकार झाले आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. चर खणताना झालेल्या त्या विलंबाची आज कोणी आठवणही काढीत नाही.

जुन्या मंदिराच्या स्वास्थ्याची चौकशी सर्वोच्च न्यायालयानेही केलेली आहे. ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याविषयीच्या दाव्यात न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पुन्हा १ सप्टेंबर २०२० रोजी निर्णय दिले. लिंगास कोणी घासू नये, अभिषेकाचे दूध शुद्ध असावे, हे आदेश वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजले. त्यांच्याबरोबर मंदिराच्या बांधकामाच्या मजबुतीची तपासणी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेकडून व्हावी, हाही विषय होता. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक हीच ती संस्था, जिने काळ्या मातीवर घरे बांधण्याची आधुनिक रीत देशाला दिली. १९४७ मध्ये स्थापन झाल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी या मातीच्या चंचलपणावर असा तोडगा काढला की जमिनीत साडेतीन-चार मीटर खोल भोक पाडावे, तळाशी ते कंदासारखे फुगवावे, सुमारे अडीच पट रुंद, आणि त्यात काँक्रीटचा खांब ओतावा. माती वर-खाली झाली तरी कंद आपल्या जागेवर रुतून बसतो. माळव्यात, विदर्भात, मराठवाड्यात असंख्य घरे आज अशा खांबांवर उभी आहेत. काळ्या मातीतून खाली उतरून मग वर यावयाचे, हे तत्त्व रामचंद्रबाबांच्या तळमजल्यात आणि रुडकीच्या खांबात एकच आहे, फरक साधनांचा.

येथे थोडे घरचे बोलतो. गेल्या काही दशकांत गोमंतकात आणि दक्षिण कोकणात पुष्कळ जुनी देवळे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटची नवी उभी राहिली. त्यांतली काही खरोखरच मोडकळीस आलेली होती, हे मान्य. परंतु महाजनांच्या सभेत नकाशा येतो तो शिखराचा, सभामंडपाच्या संगमरवराचा आणि देणगीदारांच्या पाट्यांचा. पायाचा नकाशा मागणारा मला फार क्वचित भेटला आहे. जुने देऊळ कशावर उभे होते, खाली त्याहून जुने काही आहे काय, तळीचे पाणी कोणत्या वाटेने झिरपते, हे प्रश्न चर भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो. जांभ्याच्या भरवशावर आपण निश्चिंत असतो. पण तळीकाठची आणि खाजणाजवळची जमीन जांभ्याची नसते, आणि अंत्रुजातील कित्येक देवळे ज्या डोंगरउतारांच्या कुशीत बसली आहेत तेथे पावसाचे पाणी पायाखालूनच वाट काढते. एक दिवस, एक जाणता अभियंता, एक पुरातत्त्वाचा अभ्यासक आणि चार ठिकाणी खणलेले माणूसभर खड्डे, एवढा खर्च कोणत्याही देवस्थानच्या जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात भरतो तरी किती? आमच्या अनुभवास येते ते असे की हाच आकडा प्रथम खोडला जातो.

पाणी या बाबतीत कोणाचीही भीड ठेवीत नाही. २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात उज्जयिनीत मुसळधार पाऊस झाला, आणि महाकाल मंदिराच्या चौथ्या क्रमांकाच्या दरवाजाजवळची एक भिंत कोसळून दोघांना प्राण गमवावे लागले. रामचंद्रबाबांचे मंदिर त्याच पावसात उभे होते.

आता २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. रामघाटावरची गर्दी विभागली जावी म्हणून क्षिप्रेच्या काठाने सुमारे २९ किलोमीटर लांबीचे नवे घाट बांधण्याचे काम मध्य प्रदेश शासनाने हाती घेतले आहे. एवढ्या लांबीत नदीकाठ खणला जाणे हे उज्जयिनीच्या ज्ञात इतिहासात प्रथमच घडत असावे. वरच्या पायऱ्यांचा दगड कोणत्या रंगाचा असावा यावर चर्चा होतील; यात्रेकरू त्यांवर बसतील, दिवे सोडतील. त्या पायऱ्यांतली शेवटची, पाण्याखालची, कशावर टेकविली जाते आहे हे पाहावयाचे असेल, तर चर उघडे असतानाच तेथे जावयास हवे.